ह्यातली रागाची गोळी खंयची?

आषाढातली संध्याकाळ होती. पाऊस असा की समोरच्या पानपट्टीचा दिवासुद्धा धड दिसेना. अशात एक मामी दुकानात शिरल्या. कमरेला खोचलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी दुधाची रिकामी पिशवी काढली, तिच्यातून चौघडी घातलेली चिठ्ठी काढली आणि ती काउंटरवर हाताने सपाट केली. चिठ्ठी त्यांच्या तेवीस वर्षांच्या लेकीची होती. पाच औषधं, आणि वरच्या कोपऱ्यात तीन इंग्रजी अक्षरं: बीपीडी.

"भाऊ, बीपीडी म्हणजे बीपीच मां?" मामींनी विचारलं. "इतक्या लहान वयात बीपी खंयसून इला? म्हणान तिच्या जेवणातला मीठ कमी केलंय."

मी सांगितलं की हे रक्तदाबाचं दुखणं नाही, मनाचं आहे, मिठाशी त्याचा संबंध नाही. मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मग ह्यातली तिच्या रागाची गोळी खंयची?"

मालवण तालुक्यातल्या या किनाऱ्यावर माझं मेडिकल सत्तावीस वर्षं आहे. कुठली गोळी कशाची, हे सांगणं हाच माझा धंदा. त्या दिवशी मात्र मला उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर असं आहे की रागाची गोळी त्या चिठ्ठीत नव्हतीच आणि ती जगात कुठल्याही मेडिकलात मिळत नाही. मग त्या पाच कशासाठी होत्या? मामींना गडबडीत जे सांगता आलं नाही, ते इथे सावकाश लिहितो. मी डॉक्टर नव्हे, औषधनिर्माता आहे. निदान करणं, औषध बदलणं हे माझं काम नाही. पण कुठली गोळी काय करते, काय करत नाही आणि घरी गेल्यावर तिचं काय होतं, हे काउंटरच्या अलीकडून बरंच दिसतं.

आधी दुखण्याबद्दल. बीपीडी म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, मराठीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. नावावरून काही म्हणजे काही कळत नाही. 1938 मध्ये अॅडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकन मनोविश्लेषकाने काही रुग्णांसाठी हा शब्द वापरला. त्या काळी मनाच्या आजारांचे दोन मोठे कप्पे होते, आणि हे रुग्ण दोहोंच्या मधल्या बांधावर उभे असल्यासारखे वाटत. म्हणून सीमेवरचे. पुढे 1980 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हा स्वतंत्र आजार म्हणून आला. मधली समजूत केव्हाच मागे पडली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या पुस्तिकेत नऊ लक्षणं आहेत आणि त्यांतली किमान पाच दीर्घकाळ असावी लागतात. आपलं माणूस आपल्याला सोडून जाईल ही जिवाला खाणारी भीती. एकच माणूस सकाळी देव आणि संध्याकाळी दैत्य वाटणं. आपण नक्की कोण हेच न कळणं. तिरीमिरीत पैसे उधळणं, गाडी हाकणं, पिणं. स्वतःला इजा करणं किंवा मरणाची भाषा. तासातासाला बदलणारं मन. आतून पोकळ, रितं वाटणं. आवरता न येणारा राग. आणि फार ताण आला की काही वेळ सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं किंवा आपण आपल्या अंगातच नाही असं होणं. पाच लागतात म्हटल्यावर हेही ध्यानात येईल की एकाच निदानाची दोन माणसं एकमेकांसारखी दिसतीलच असं नाही. औषधांचा घोळ इथूनच सुरू होतो.

आणखी एक घोळ बायपोलरचा. दोन्हींत मन वरखाली होतं, म्हणून घरची माणसंच काय, कधी कधी डॉक्टरही चकतात. बायपोलरमध्ये तेजीचा काळ निदान चार दिवस, पुरता उन्माद असेल तर आठवडाभर टिकतो, आणि उदासी त्याहून लांबते. तो ऋतूसारखा येतो. बॉर्डरलाइनमधलं मन तासांत पालटतं आणि बहुतेक वेळा त्याला निमित्त असतं: फोन उचलला नाही, मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, कुणीतरी तोंड फिरवलं. बाहेरच्याला निमित्त क्षुल्लक वाटतं, आत मात्र आग लागलेली असते. हा फरक महत्त्वाचा, कारण बायपोलरला औषध हा उपचाराचा कणा आहे आणि बॉर्डरलाइनला तसं नाही.

आता मामींच्या प्रश्नाकडे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बॉर्डरलाइनसाठी म्हणून आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. ब्रिटनमध्ये कुठला उपचार द्यावा याचं मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने 2009 मध्ये स्पष्ट लिहिलं की या आजारासाठी किंवा त्यातल्या एखाद्या लक्षणासाठी म्हणून औषध देऊ नका. अगदी संकटाच्या वेळी झोपेचं, शांत करणारं औषध दिलंच तर ते आठवड्याच्या आत थांबवा. 2024 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने नवीन मार्गदर्शन दिलं. ते थोडं मवाळ आहे, पण दिशा तीच: मुख्य उपचार बोलण्याचा, म्हणजे मानसोपचाराचा. औषध दिलंच तर नेमक्या, मोजता येईल अशा लक्षणासाठी, ठरावीक मुदतीपुरतं, आणि मानसोपचाराच्या जोडीने. 2022 मध्ये कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी तोवरच्या 46 चाचण्या, 2769 रुग्ण, एकत्र करून पाहिले. आजाराच्या एकूण तीव्रतेवर औषधांचा फरक नगण्य निघाला, आणि पुरावाही फारसा भक्कम नाही असं त्यांनीच नोंदवलं.

हे वाचून कुणी म्हणेल, "अहो, पण आमच्या मुलीला गोळीने फरक पडला होता." पडला असेल. मी खोटं म्हणणार नाही. पण इथे एक गंमत आहे आणि ती समजली की अर्धा लेख समजला.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ सोडतो आणि म्हणतो, आता दर्या शांत होणार. होतोही. श्रावण सरत आला की वाऱ्याचा जोर उतरतोच. आपला नारळ श्रद्धेचा, त्याबद्दल वाद नाही, पण मोसम नारळामुळे बदलत नाही. बॉर्डरलाइनमध्येही तुफान येतं आणि ओसरतं. नवीन गोळी कधी सुरू होते? तुफानाच्या ऐन भरात. कारण डॉक्टरकडे माणूस तेव्हाच धावतो. मग तुफान ओसरलं की श्रेय त्या गोळीच्या खात्यात. पुढच्या तुफानाला वाटतं, ही कमी पडली, म्हणून दुसरी जोडा.

गोळीने झालं की आपसूक झालं, हे ओळखायचं तर निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी द्यावी लागते, आणि कुणाला कुठली मिळाली हे डॉक्टरलाही कळू द्यायचं नसतं. लॅमोट्रिजिन या औषधाबद्दल बरीच वर्षं आशा होती. ब्रिटनमध्ये 276 रुग्णांवर वर्षभर अशी चाचणी झाली आणि 2018 मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांतली माणसं सुधारली, जवळपास सारखीच. खऱ्या गोळीने वेगळं असं काही केलं नव्हतं.

तरी डॉक्टर औषधं लिहितात, आणि सगळेच चुकीने लिहितात असं मी म्हणणार नाही. आई चिठ्ठी घेऊन समोर बसलेली असते, मुलीने चार रात्री डोळा मिटलेला नसतो, जिल्ह्यात बोलून उपचार करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. अशा वेळी डॉक्टर आजारावर नाही, लक्षणावर हात ठेवतात. 2001 मध्ये अमेरिकेत पहिलं मार्गदर्शन आलं तेव्हा तीच रीत होती: लक्षणांचे तीन गट करायचे आणि प्रत्येकाला एक औषध. मन सारखं हेलकावत असेल तर एक, हात आवरत नसेल तर दुसरं, संशय किंवा भास असेल तर तिसरं. मार्गदर्शन बदललं, पण हाताला पडलेली सवय सहजी जात नाही. मामींची चिठ्ठी त्याच जुन्या वळणाची होती.

तिच्यात पहिलं होतं एस्सिटालोप्राम, उदासीवरचं. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहू देतं. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर मळमळ, डोकं जड, झोप उडणं हेच आधी भेटतं, आणि माणसं दहाव्या दिवशी गोळी बंद करून "काय उपयोग नाय" म्हणतात. सोबत खरंखुरं नैराश्य असेल तर ही गोळी कामाची आहे. बॉर्डरलाइनच्या रितेपणाला मात्र ती फारशी पोहोचत नाही. आणि पंचविशीच्या आतल्यांत, सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर, अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीत ही सूचना छापावी लागते. त्याचा अर्थ घेऊ नये असा नाही. त्या दिवसांत घरच्यांनी जवळ असावं आणि डॉक्टरांनी लवकर परत बोलवावं, एवढाच.

दुसरं व्हॅल्प्रोएट. मुळात फिट्सचं आणि बायपोलरचं. राग आणि उतावीळपणा कमी व्हावा म्हणून बॉर्डरलाइनमध्ये देत आले. इथे माझा हात थबकला, कारण रुग्ण तेवीस वर्षांची, लग्नाचं बघणं चाललेलं. गरोदरपणात हे औषध पोटात असेल तर दहातल्या साधारण एका बाळाला जन्मजात व्यंग होतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी येतात. ब्रिटनमध्ये 2024 पासून पंचावन्नच्या आतल्या कुणालाही, बाई असो वा पुरुष, हे नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची सहमती लागते. आपल्याकडे मुलीला हे सांगितलेलं असतं का? मामींना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना हेच पहिलं विचारा असंही सांगितलं.

तिसरं क्वेटियापिन, 50 मिलीग्राम, रात्री. जास्त मात्रेत स्किझोफ्रेनियाला वापरतात, त्यामुळे इंटरनेटवर नाव शोधलं की घरात रडारड होते. कमी मात्रेत ते मुख्यतः झोप आणतं आणि धार बोथट करतं. या गटातल्या, म्हणजे भास-संशयावरच्या औषधांबद्दल थोडाफार पुरावा आहे. 2014 मध्ये 95 जणांवर झालेल्या एका चाचणीत क्वेटियापिनच्या 150 मिलीग्रामने आठ आठवड्यांत पोकळ गोळीपेक्षा फरक दाखवला. म्हणजे संशय, भास, रागाचा भडका यांवर थोड्या काळासाठी कधी कधी उपयोग होतो. किंमत मात्र मोजावी लागते. सकाळी दहा वाजेपर्यंत अंग जड, भूक वाढते, वजन वाढतं, साखर चढू शकते. त्याचा भाऊबंद ओलान्झापिन तर वजनाच्या बाबतीत आणखी पुढे. आधीच आरशात स्वतःला ओळखू न शकणाऱ्या पोरीचं वजन चार महिन्यांत दहा किलोने वाढलं, तर कुठल्या लक्षणाला औषध दिलं आणि कुठलं वाढवलं, हा हिशेब मांडायला हवा.

प्रोप्रॅनोलॉल, चौथं, धडधडीसाठी. दम्याची माणसं असतील त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं, एवढं बोलून पुढे जातो, कारण पाचव्यावर मला जास्त बोलायचं आहे.

पाचवं क्लोनाझेपाम. झोपेची, चिंतेची गोळी. याच घरातलं अल्प्राझोलाम. ही औषधं अर्ध्या तासात हात दाखवतात, म्हणून रुग्णाला सगळ्यांत आवडती. मेंदूत ब्रेकचं काम करणारं एक रसायन आहे, त्याला ती जोर देतात. दोन पेग पोटात गेल्यावर होतं तसंच काहीसं. पण पेग पोटात गेल्यावर सगळीच माणसं शांत होतात का? आमच्या वाडीत तरी नाही. काहींची जीभ सुटते, काहींचा हात सुटतो. या गोळ्यांचंही तेच. चिंता दबते, पण आवर घालणारा लगामही सैल होतो. 1985 मध्येच अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात बॉर्डरलाइनच्या रुग्णांमध्ये अल्प्राझोलामने स्वतःवरचा ताबा सुटण्याचे प्रकार वाढलेले दिसले होते. वर सवय लागते ती वेगळीच. दारूबरोबर घेतली तर श्वासावर येतं.

सरकारने 1 मार्च 2014 पासून यांतलं अल्प्राझोलाम एच-वन या वर्गात टाकलं. स्ट्रिपवर लाल चौकट असते. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं हे सगळं वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. आज माझी वही चोख असते. ती चोख का झाली, ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी ओळखीतला एक मुलगा दहा दिवसांच्या अल्प्राझोलामची चिठ्ठी घेऊन आला. दहा दिवसांनी तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा आला. त्याचे वडील माझ्या वडिलांबरोबर नाटकात काम करायचे. नाही कसं म्हणणार? तीन महिने मी त्याच चिठ्ठीवर देत राहिलो. मग गणपतीच्या गडबडीत माझा स्टॉक संपला आणि चार दिवस त्याला गोळी मिळाली नाही. पाचव्या रात्री शटर ओढताना तो समोर उभा होता. हात थरथरत होते, घामाने शर्ट भिजलेला, डोळ्यांत मी आधी कधी न पाहिलेलं काहीतरी. त्याच्या बहिणीने दुसऱ्या दिवशी येऊन मला चार शब्द सुनावले आणि ते चारही बरोबर होते. या गोळ्या एकदम थांबवता येत नाहीत. डॉक्टर पायरी-पायरीने कमी करतात, कधी कधी महिने लागतात. त्यामुळे हा लेख वाचून कुणी आपल्या घरातली स्ट्रिप आजच्या आज खिडकीतून फेकू नये. व्हॅल्प्रोएट, क्वेटियापिन, एस्सिटालोप्राम, कुठलंच परस्पर बंद करायचं नाही.

मामींच्या चिठ्ठीत लिथियम नव्हतं, हे नशीब. ते कधी कधी देतात. लिथियम हे एका परीने मीठच आहे आणि शरीर त्याला सोडियमच्या भावासारखं वागवतं. जेवणातलं मीठ अचानक तोडलं की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी यांत अंतर थोडं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. वैशाखात घामाच्या धारा, जुलाब-उलट्या, किंवा गुडघेदुखीला म्हणून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी, यांतलं काहीही ते प्रमाण वाढवायला पुरतं. मामींनी मायेपोटी कमी केलेलं मीठ मुलीला हॉस्पिटलात पोचवू शकलं असतं. तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ कुणी न सांगितल्याचा हा परिणाम.

लॅमोट्रिजिन कुणाच्या चिठ्ठीत असेल तर दोन गोष्टी. ते 25 मिलीग्रामपासून मुंगीच्या पावलाने वाढवतात, कारण घाईने वाढवलं तर अंगावर येणारं पुरळ जिवावर बेतू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत पुरळ दिसलं की "पावसाळी खाज असात" म्हणून खोबरेल लावत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आणि मध्ये पाच-सहा दिवस खंड पडला तर जुन्याच डोसवर परत उडी मारायची नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून.

मग औषध खरंच कुठे लागतं? बॉर्डरलाइनबरोबर दुसरं काही असेल तिथे. आणि ते बहुतेकदा असतं. नैराश्य, जुन्या आघाताचा ताण, बायपोलर, दारू, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा विकार. त्या-त्या आजाराला त्याचं-त्याचं औषध आहे आणि ते टाळणं शहाणपणाचं नाही. मात्र चिठ्ठीवर कुठलं औषध कुठल्या आजाराचं, हे डॉक्टरांना आणि घरच्यांना दोघांनाही सांगता यायला हवं.

आमच्या जुन्या घराला मंगलोरी कौलं आहेत. ऐन पावसात एखादं कौल सरकतं आणि माजघरात धार लागते. तेव्हा छपरावर चढता येत नाही, घसरून पडाल. तेव्हा खाली टोप ठेवायचा. टोप ठेवणं हा मूर्खपणा नाही, नाहीतर जमीन उखडेल. पण मे महिना आला तरी टोप तिथेच, आणि प्रत्येक पावसाळ्यात एक टोप वाढतोय, असं घर मी पाहिलं तर घरमालकाला विचारेन, बाबा, शाकारणी कधी? पाच औषधांची चिठ्ठी मला तशी दिसते. टोप ठेवणारे हात पुष्कळ, टोप उचलणारा एकही नाही, कारण प्रत्येक डॉक्टरला वाटतं, आधीच्याने काही विचार करून ठेवला असेल.

शाकारणी म्हणजे मानसोपचार. त्यातला सगळ्यांत जास्त अभ्यासलेला प्रकार डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो घडवला आणि 1991 मध्ये त्याची पहिली चाचणी छापली. 2011 मध्ये त्यांनी उघड सांगितलं की तरुणपणी आपण स्वतःच याच दुखण्यापायी मनोरुग्णालयात राहिलो होतो. डीबीटीत राग का येतो यावर नुसता खल करत बसत नाहीत. राग आल्यावर पहिली दहा मिनिटं काय करायचं, नाही कसं म्हणायचं, मदत कशी मागायची, हे पोहायला शिकवावं तसं शिकवतात. आठवड्याला एक बैठक, एक गटवर्ग, घरचा अभ्यास. साधारण वर्षभर. रागाची गोळी कुठे असेलच तर ती ही, पण ती स्ट्रिपमध्ये मावत नाही.

कोकणात हे मिळतं का? थोडं मिळतं, बरंच मिळत नाही. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. बाकीची तीन ठाणे, पुणे आणि नागपूरला. पण "ह्याला रत्नागिरीला धाडा" ही आमच्याकडे थट्टा आहे, त्यामुळे माणसं तिथल्या फाटकातून आत जायला कचरतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत ओपीडी चालते. मानसोपचाराची नियमित बैठक मात्र बहुतेकांना मुंबई-पुण्याच्या समुपदेशकाबरोबर मोबाइलवर करावी लागते, आणि आमच्या वाडीत रेंज मिळते ती पिंपळाच्या पारावर. आपल्या मनातलं सगळ्यात खासगी बोलायला पार ही जागा नव्हे. एक मुलगी बंद पडलेल्या भाताच्या गिरणीमागे जाऊन बोलते. तिच्या आईला वाटायचं, कुणा मुलाबरोबर आहे.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. मरणाची भाषा ऐकू आली तर ती "नाटकं" म्हणून सोडायची नाही, तिथे फोन करायचा किंवा सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. पोलीस केस होईल या धास्तीने पुष्कळ घरं दार लावून बसतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 प्रमाणे, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. आणखी एक, जे मी प्रत्येक घराला सांगतो: महिन्याच्या सगळ्या गोळ्या एकदम घरात नकोत. डॉक्टरांना सांगून आठवड्याच्याच न्या आणि घरातल्या एकाच मोठ्या माणसाने सांभाळा. मी कात्रीने स्ट्रिप कापून सात दिवसांच्या पुड्या करतो, सकाळच्या पुडीवर सूर्य आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र काढतो. माझा चंद्र केळ्यासारखा दिसतो अशी तक्रार आहे, पण पुडी चुकत नाही.

काहीजण विचारतात, माशाच्या तेलाने उपयोग होतो ना? ऐकीव नाही ते. 2003 मध्ये 30 स्त्रियांवर एक छोटा अभ्यास झाला होता. माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चा एक ग्रॅम रोज, आठ आठवडे. चिडखोरपणा आणि उदासी थोडी उतरली. अभ्यास फार लहान, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं त्यात काही नाही. पण कॅप्सूलच्या डब्यासाठी खिसा रिकामा करणाऱ्याला मी म्हणतो, अरे, दारात बांगडा आणि तारली येते, ती खा. तिरफळ घालून.

आता जी गोष्ट घरच्यांना सर्वांत आधी सांगायला हवी ती मी उशिरा सांगतोय. हा आजार आयुष्यभराची शिक्षा नाही. अमेरिकेत मेरी झनारिनी यांनी 1992 पासून 290 रुग्णांचा माग ठेवला. दहा वर्षांत त्यांतल्या 93 टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी निदानाच्या रेषेखाली राहिली. नोकरी, संसार, मैत्री यांसकट पुरतं सावरणं मात्र निम्म्यांनाच जमलं. म्हणजे तुफान बहुतेकांचं ओसरतं. मधल्या वर्षांत शिक्षण, नोकरी, माणसं, तब्येत यांची पडझड किती होते, तिथे खरी लढाई. आणि त्या पडझडीत नको असलेल्या गोळ्यांनी भर घालू नये.

मामी त्या दिवशी निघताना मी चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून दिले होते. कुठली गोळी कशासाठी? कधीपर्यंत? गुण आला की नाही हे कशावरून ठरवायचं? डॉक्टर रागावतील म्हणून मामी घाबरल्या होत्या. म्हटलं, रागावले तर माझं नाव सांगा. 

डॉक्टर रागावले नाहीत. पुढच्या दोन-तीन भेटींत त्यांनी व्हॅल्प्रोएट उतरवत नेऊन बंद केलं, क्लोनाझेपाम पाव-पाव गोळीने कमी करत आणलं, आणि मुलीला कुडाळच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. दिवाळीनंतर मुलगी पहिल्यांदा एकटी दुकानात आली. चिठ्ठीवर दोन औषधं होती. डॉक्टरांनी प्रत्येकापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, एकापुढे "उदासी, सहा महिने, मग बघू", दुसऱ्यापुढे "झोप, 15 दिवस".

मी स्ट्रिप कापली, सूर्य-चंद्र काढले. ती पायरीपर्यंत गेली आणि परत वळली.

"काका, आयेन विचारूक सांगल्यान, लोणचा चलता काय?"

"चलता," म्हटलं.